एक पुरं वाक्य

लिफ्टमास्तरांनी जन्मभर दुसऱ्यांच्या इमारतींतल्या लिफ्ट दुरुस्त केल्या आणि निवृत्त झाल्यावर स्वतःच्या घरात सर्व्हर बसवला. माणसं निवृत्तीनंतर कुंड्या लावतात, फिरायला जातात, नाहीतर सोसायटीच्या सभेत भांडतात. मास्तरांनी बाहेरच्या खोलीतलं चपलांचं कपाट रिकामं केलं, त्यात एक काळी पेटी ठेवली आणि चपला कायमच्या दाराबाहेर काढल्या. घरातले फोटो, बिलं, लेकीच्या लग्नाचा व्हिडिओ, सगळं त्या पेटीत जाऊन बसलं. "आपलं आहे ते आपल्या घरात. उगाच परक्याच्या दारात कशाला ठेवायचं?" असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला समजावून सांगायचे. मग पेटी उघडून आतल्या डिस्क दाखवायचे. येणाराजाणारा चहा जरा घाईनेच संपवायचा.

त्यांच्या बायकोला सगळी गल्ली बाई म्हणायची, कारण निम्म्या गल्लीने पहिलीत त्यांच्याच हाताखाली अक्षरं गिरवली होती. बाईंना शाळेत कधी माइक लागला नाही. गॅलरीतून त्यांनी नुसतं "कोण रे तिकडे?" म्हटलं, की पलीकडच्या इमारतीतली मुलं भिंतीवरून खाली उतरायची. घरात मात्र त्या आवाजाला म्हणावी तशी किंमत नव्हती. मास्तर बोलायला लागले की थांबत नसत, आणि समोरच्याचं वाक्य अर्ध्यात आलं की उरलेलं आपणच पुरं करून टाकत. बाई म्हणायच्या, "माझ्या तोंडातला घास काढून घेतला असता तर चाललं असतं हो, हे माझं बोलणंच काढून घेतात."

आणि त्याच घशात गाठ निघाली. जीव वाचवायचा तर स्वरयंत्र काढावं लागेल, असं डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. त्या दिवशी डॉक्टरांना काय ते प्रश्न बाईंनीच विचारले.

इस्पितळात बोलणं शिकवणारा एक तरुण थेरपिस्ट होता. ऑपरेशननंतर बाईंना पाटीएवढं एक यंत्र मिळणार होतं. त्यावर लिहायचं, की ते मोठ्याने बोलणार. त्याने नमुना म्हणून यंत्राला बोलतं केलं. "नमस्कार. मला पाणी हवे आहे," असं यंत्रातली एक गुळगुळीत आवाजाची बाई म्हणाली.

"अगं बाई! ही तर बँकेत फोन केला की थांबायला सांगते ती," बाई म्हणाल्या. "ही माझ्या घरात बोलणार? हे तिचंच जास्त ऐकतील!"

थेरपिस्ट खूप हसला. मग त्याने दुसरा मार्ग सांगितला. ऑपरेशनच्या आधी बाईंनी आपल्या आवाजात पुष्कळ वाक्यं रेकॉर्ड करून ठेवायची. त्यांवरून यंत्राला बाईंचाच आवाज शिकवता येईल. अट एकच, वाक्य पुरं हवं आणि त्यात दुसरा कसलाही आवाज नको.

"ते माझ्याकडे लागलं," मास्तर म्हणाले. "घरी सर्व्हर आहे."

झोपायच्या खोलीतल्या कपाटात कोट आणि रजया लटकवून त्यांनी बाईंसाठी एक कोनाडा तयार केला, म्हणजे आवाज घुमणार नाही. थेरपिस्टने दिलेली वाक्यं विचित्रच होती. निळ्या टोपलीत ढोबळ्या मिरच्या आहेत. झाडूने छत झाडू नये. ठाकूरांच्या ओट्यावर टाळ्या वाजल्या. बाई ती वाचता वाचता हसून लोटपोट व्हायच्या, की मास्तर कोनाड्याबाहेरून ओरडायचे, "थांब, परत घे!" बाई गंभीर व्हायच्या, की मास्तर म्हणायचे, "लांबून बोल. नाही, इतक्या लांबून नको." शिवाय रेकॉर्डिंग मध्येच अडकायचं. सर्व्हरमधल्या मोठ्या डिस्क काम नसलं की झोपी जात, आणि त्यांना जाग येईपर्यंत बाईंचं अर्धं वाक्य हवेत जायचं. पहिले काही दिवस असे पाण्यात गेले.

त्यावर मास्तरांनीच उपाय काढला. पेटीत मोठ्या फिरत्या डिस्कशिवाय दोन छोट्या एसएसडी, म्हणजे न फिरणाऱ्या जलद डिस्क, होत्या. त्यांना कॅश डिस्क म्हणतात. बाहेरून आणलेलं सामान आपण आधी दाराजवळच्या टेबलावर टाकतो आणि सवडीने कपाटात लावतो, तसंच त्यांचं काम. आलेली फाइल पटकन त्यांच्यावर उतरते, आणि पहाटे मूव्हर नावाचा प्रोग्राम तिला उचलून मोठ्या डिस्कवर नेऊन ठेवतो. आतापर्यंत थेट मोठ्या डिस्कवर जाणाऱ्या 'आवाज' या फोल्डरला मास्तरांनी तेवढं सांगून ठेवलं, की तू इथेच राहा, मोठ्या डिस्कच्या नादी लागू नकोस. म्हणजे अडकणं बंद. "तात्पुरतं आहे, नंतर बदलीन," ते म्हणाले. लिफ्टच्या धंद्यात त्यांनी तात्पुरत्या जोडलेल्या वायरी वर्षानुवर्षं लोंबताना पाहिल्या होत्या, तरी ते हे म्हणाले.

अडकणं खरंच थांबलं. त्याच दिवशी, हा बदल करायच्या थोडं आधी, बाईंनी मास्तरांनाही खोलीबाहेर काढलं होतं आणि दार लावून घेतलं होतं. मग ऑपरेशनपर्यंत रोज त्या बंद दाराआडून वाक्यामागून वाक्य ऐकू यायचं, स्वच्छ, पहिलीच्या वर्गाला शुद्धलेखन घालावं तसं. यादीतली वाक्यं संपल्यावर बाईंनी आपल्या मनची घातली. लेकीला हाक, नातवाला दटावणी, दूधवाल्याशी वाद. लेक फोनवर म्हणाली होती, "बाबा, मला एक कॉपी पाठवून ठेवा ना." मास्तर म्हणाले, "इंटरनेटवरून पाठवू तुझ्या आईचा आवाज? कोणीही उचलेल. इथे दोन एसएसडी आहेत, एक गेली तर दुसरी आहे. तू निश्चिंत राहा."

ऑपरेशन नीट पार पडलं. बाई घरी आल्या त्या गळ्यातल्या श्वासाच्या भोकावर जाळीचा रुमाल बांधून, आणि हातात लहान मुलांची असते तसली पाटी घेऊन. तिच्यावर लिहायचं आणि बटण दाबलं की ती कोरी होते. मास्तरांना आता पाटीवरचं वाक्यही पुरं होईपर्यंत दम निघत नव्हता. एकदा बाईंनी 'पा' लिहिलं आणि मास्तर पाणी आणायला धावले. ते पेला घेऊन येईपर्यंत पातेल्यातलं दूध ओट्यावरून खाली वाहत होतं. बाईंनी पाटी त्यांच्या नाकासमोर धरली. 'पातेलं' एवढं लिहून झालं होतं.

थेरपिस्टने रेकॉर्डिंग घेऊन बोलावलं होतं, त्याच्या आदल्या दिवशी मास्तर सकाळीच पेटीसमोर बसले. एका एसएसडीवर मधूनमधून चुका येत होत्या. अशा वेळी दोन्ही डिस्क पुसून नव्याने फॉरमॅट कराव्यात हे त्यांना माहीत होतं, आणि बायकोचा आवाज बाहेर काढायच्या आधी पेटी धडधाकट असलेली बरी असं त्यांच्या मनाने घेतलं. त्यांनी जुन्या धंद्यातली 'काम चालू आहे' ही पाटी कपाटाच्या दाराला लटकवली. ती बघून बाईंना हसू आलं. हल्ली त्यांच्या हसण्याला आवाज नसायचा, नुसते खांदे हलायचे.

मास्तरांनी मूव्हर चालवला. तो थांबल्यावर मोठ्या डिस्कवर 'आवाज' फोल्डर आहे ना ते पाहिलं. होता. आत फाइलींची रांग होती. त्यांनी मान डोलावली. कॅश डिस्कवर अजून काहीतरी शिल्लक दिसत होतं, पण तो प्रोग्रामांचा गाळ असेल असं त्यांनी धरून चाललं. हाताखालच्या पोरांना याच माणसाने वर्षानुवर्षं बजावलं होतं, की लिफ्ट बंद करण्याआधी दिव्यावर विश्वास ठेवू नका, दार उघडून आत कोणी आहे का ते डोळ्यांनी बघा. त्या सकाळी त्यांनी दार उघडून बघितलं नाही. खात्री आहे का, असं पडद्यावर आलं. मास्तरांनी 'हो' दाबलं.

डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच पुसून झालं. फॉरमॅटही झालं. दोन्ही डिस्क नव्या नवरीसारख्या कोऱ्या दिसायला लागल्या, आणि मास्तर चक्क शीळ घालत उठले.

मग पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यायला म्हणून त्यांनी 'आवाज' उघडला. फाइली फार थोड्या वाटल्या. तारखा पाहिल्या तर त्या पहिल्या दिवसांच्या होत्या, अडकण्याच्या आणि 'परत घे'च्या. तेवढ्याच काय त्या थेट मोठ्या डिस्कवर उतरल्या होत्या. त्यानंतरचं सगळं 'तू इथेच राहा' म्हणून सांगितल्याप्रमाणे कॅशवर राहिलं होतं. ज्या डिस्क त्यांनी आत्ताच पुसल्या होत्या, त्याच त्या.

मास्तर पेटीशी परत वाकले. त्यांनी सेटिंग उघडून पाहिलं, बंद केलं, परत उघडलं. स्वयंपाकघरात बाई कप विसळत होत्या. मास्तर दोन्ही डिस्क काढून खिशात घालून बाहेर पडले, कुठे जातोय ते न सांगता.

हरवलेला डेटा काढून देणाऱ्या दुकानात एक चष्मेवाला बसला होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि डिस्कना हातसुद्धा लावला नाही.

"फिरती डिस्क असती तर मी काहीतरी बोललो असतो, काका," तो म्हणाला. "एसएसडीला एकदा पूस म्हटलं, की ती मागे काही ठेवत नाही. स्वतःच सगळं झाडून टाकते."

"थोडं तरी? एखादं वाक्य?"

"उगाच आशा कशाला लावू तुम्हाला?"

मास्तर घरी आले. बाईंनी पाटी पुढे केली, 'झालं का काम?' मास्तर "हो" म्हणाले. त्या दिवशी त्यांनी थेरपिस्टला फोन करून पुढची तारीख मागून घेतली आणि बाईंना सांगितलं की त्यालाच वेळ नाही. बाईंनी खांदे उडवले. मास्तरांना जेवण गेलं नाही. पोट बिघडलंय म्हणाले. एका खोट्याला दुसरं टेकू देत त्यांनी दोन-तीन दिवस काढले, आणि या दिवसांत ते इतकं कमी बोलले, की बाईंनी काळजीने त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला.

मग लेकीचा व्हिडिओ कॉल आला. "आई, यंत्र कधी मिळणार गं? हा तुझा नातू रोज विचारतो, आजी कधी ओरडणार म्हणून."

बाईंनी पाटीवर सावकाश लिहिलं आणि ती फोनसमोर धरली. 'लवकरच. माझा आवाज बाबांकडे आहे. अगदी सुरक्षित.'

मास्तरांना ते बघवेना. ते उठून गॅलरीत गेले आणि कॉल संपेपर्यंत कठडा धरून उभे राहिले. परत येऊन बाईंसमोर बसले आणि सांगून टाकलं. आडवळणं घेतली नाहीत, मूव्हरवर ढकललं नाही. "मी पुसला," ते म्हणाले. "बघायला हवं होतं. नाही बघितलं. तुझा आवाज मी माझ्या हाताने पुसला."

 बाईंनी पाटी घेतली, भराभरा काहीतरी लिहिलं, आणि मास्तरांनी वाचायच्या आत बटण दाबलं. परत लिहिलं, परत बटण दाबलं. संतापाने त्यांचा श्वास गळ्यावरच्या जाळीतून फसफसत होता. आरडाओरडा करून घर डोक्यावर घ्यावं असा तो प्रसंग होता, आणि नेमकं तेच त्यांना करता येत नव्हतं. मास्तरांना वाटलं, हिने काहीतरी फेकून मारावं. शेवटी एक वाक्य पाटीवर राहिलं. 'जे उरलंय ते ऐकवा.'

मास्तरांनी त्या पहिल्या दिवसांच्या फाइली लावल्या.

"निळ्या टोपलीत ढो—" "थांब, थांब. पंखा चालू आहे." "निळ्या टोपलीत ढोबळ्या मि—" "जरा लांबून." "अहो, मी काय म्हणते, आपण ते कपाटाचं दार—" "दार नको, दार राहू दे, तू वाच." "झाडूने छ—" "परत घे."

बाईंचा आवाज खोलीत भरून राहिला होता. त्यातलं हसू, घोगरेपणा, चिडल्यावर वर चढणारी ती पट्टी, सगळं जिवंत होतं. फक्त प्रत्येक वेळी दुसरा आवाज त्यावर येऊन बसत होता. मास्तरांनी स्वतःला असं कधी ऐकलं नव्हतं. त्यांना वाटायचं, आपण मदत करत होतो.

बऱ्याच फाइली झाल्यावर बाईंनी हात वर केला. मास्तरांनी आवाज थांबवला. बाई लिहायला लागल्या. 'माझं' लिहून झालं तेव्हा मास्तरांचे ओठ सवयीने हलले, पण त्यांनी ते मिटून घेतले आणि अख्खं वाक्य येईपर्यंत वाट पाहिली.

'माझं एक तरी वाक्य पुरं आहे का?'

"शोधतो," मास्तर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी नाश्ता झाल्यापासून ते कानाला हेडफोन लावून बसले. एकेक फाइल, पहिल्यापासून. कुठे वाक्य पुरं व्हायचं तर शेवटच्या शब्दावर त्यांचाच खोकला. कुठे नीट चाललेलं असायचं आणि ते "वा, छान" म्हणून वाट लावायचे. अगदी शेवटच्या दिवसाच्या शेवटच्या फाइलीत ते माइकच्या वायरीबद्दल काहीतरी लांबलचक सांगत होते. ते श्वास घ्यायला थांबले, आणि तेवढ्यात बाईंचा आवाज आला, खणखणीत, शब्द न शब्द सुटा.

"अहो, तुम्ही जरा गप्प बसाल का?"

त्यापुढे खोलीत पूर्ण शांतता होती. मग दार लागल्याचा आवाज. ते त्यांना बाहेर काढलं त्या दिवशीचं दार होतं.

मास्तरांनी ते वाक्य पुन्हा पुन्हा ऐकलं. हे न्यायचं का नाही, यावर त्यांचं मन बराच वेळ खालीवर होत राहिलं. पुरं म्हणावं असं तेवढंच होतं. त्यांनी ते पेन ड्राइव्हवर घेतलं.

थेरपिस्टने सगळं ऐकल्यावर मान हलवली. एवढ्यावरून यंत्राला आवाज शिकवणं शक्य नव्हतं. आता बोलायला तीच बँकेतली बाई असणार होती. पण हे एक वाक्य जसंच्या तसं एका बटणावर बसवून देता येईल, असं तो म्हणाला. यंत्राच्या पडद्यावर कोपऱ्यात त्याने एक लाल चौकोन काढून दिला. बाईंनी तो दाबून बघितला, आणि इस्पितळाच्या त्या पांढऱ्या खोलीत बाईंचा आवाज दणदणला. बाहेर बाकावर बसलेली माणसं डोकावून बघायला लागली. बाईंचे खांदे हलले. मास्तर तोंड फिरवून खिडकीकडे बघत राहिले आणि रुमाल शोधायला लागले.

घरी बँकेतली बाई बोलू लागली. "कृपया मीठ द्या," म्हणायची. "आज उकडते आहे," म्हणायची. नातू फोनवर तिला घाबरला आणि आजी कुठे आहे म्हणून विचारू लागला. लेकीने बाबांना काही म्हटलं नाही, आणि तेच मास्तरांना जास्त लागलं.

मात्र मास्तर जेवताना लिफ्टच्या, नाहीतर शेजाऱ्यांच्या गोष्टीत वाहवत गेले, की बाई कोपऱ्यातला चौकोन दाबत. "अहो, तुम्ही जरा गप्प बसाल का?" मास्तर तोंडातला घास तसाच ठेवून गप्प बसत. त्यांना बरं वाटे. पहिल्यांदा नकळत, मग कळून सवरून, ते जास्त बोलायला लागले. भाजी आणली तर भाजीवाल्याची कुळकथा. पंखा पुसला तर पंख्याच्या मोटारीवर व्याख्यान. बोलता बोलता त्यांची नजर बाईंच्या बोटावर असे.

एका संध्याकाळी बाई टेबलाशी बसल्या होत्या, यंत्र समोर होतं. मास्तर कप पुसत होते आणि त्यांनी पुन्हा तोच विषय काढला. मूव्हर कसा चालतो, फोल्डरचं सेटिंग कुठे असतं, फॉरमॅट करण्याआधी नक्की काय काय बघायला हवं. हे त्यांनी आधीही सांगितलं होतं, कितीतरी वेळा. बाईंचं बोट पडद्यावर आलं. मास्तरांनी आवाज आणखी चढवला आणि वाट पाहिली.

बोट कोपऱ्यापर्यंत गेलं आणि थांबलं. बाईंनी नवऱ्याकडे नीट पाहिलं, पहिलीतल्या मुलाची खोडी पकडावी तसं. मग बोट मागे घेतलं आणि खालच्या अक्षरांवर सावकाश काहीतरी लिहिलं.

"बोला," बँकेतली बाई म्हणाली. "मी ऐकत आहे."

मास्तर हातात कप घेऊन उभे राहिले.  बाई यंत्रावर हात ठेवून, मान वर करून, त्यांच्या बोलण्याची वाट बघत बसल्या होत्या.